अंगावर काढू नका

भातलावणीच्या दिवसांत कर्जत-खालापूरच्या खाचरांत बायका दिवसभर वाकून चिखलात उभ्या असतात. त्यांच्यातली एखादी दवाखान्यात येते ती कंबर दुखते म्हणून. गोळ्या लिहून होतात, ती उठते, दारापर्यंत जाते आणि मागे वळून हळूच म्हणते, "डॉक्टरीणबाई, अंगावरून पांढरं जातं." कधीपासून? "धाकटा झाला तेव्हापासून." धाकटा आता शाळेत जात असतो!

हे केवळ रायगडचं दुखणं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यातला निम्मा वाटा जंतुसंसर्गांचा होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? फक्त 8 टक्के.

आता हे घडतं कसं, ते पाहू. दुधाला विरजण लावलं की त्यातले जंतू दूध आंबवतात. त्यांच्याच जातकुळीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू निरोगी योनिमार्गात राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात बाहेरचे जंतू तग धरत नाहीत. हे आपले राखणदार कमी झाले की गार्डनरेलासारखे दुसरे जंतू माजतात. मग पातळ, करड्या रंगाचा स्राव जातो आणि त्याला माशासारखा वास येतो. खूप खाज आणि दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट स्राव असेल तर ती बहुधा बुरशी. तिचं औषध वेगळं. आणि पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारा थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव हा आजारच नव्हे.

बायका म्हणतात, "उष्णता झाली." मग कोणी साबणानं, कोणी तुरटीच्या पाण्यानं आतून धुतात. त्यानं उरलेसुरले राखणदारही वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरेसं आहे. दही लावणं हाही उपाय नव्हे. विरजणातले जंतू तिथे मुक्काम करत नाहीत.

दुर्लक्ष केलं तर? गरोदरपणी दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीसारखे संसर्ग लागण्याची शक्यता वाढते. उपचार मात्र साधा आहे. तपासणीनंतर डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या देतात. बरं वाटलं म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

तरीही अनेकींना हा त्रास पुन्हा होतो आणि दोष मिळतो बाईच्या अस्वच्छतेला. 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात बायकोबरोबर जोडीदारालाही औषध दिलं, तेव्हा त्रास उलटण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. म्हणजे नवरोबांनीही दवाखान्याची पायरी चढायला हवी.

ओटीपोटात दुखून ताप आला, स्रावात रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नका. एरवीही आशाताईंना सांगा, नर्सबाईंना सांगा. सांगायला लाज वाटत असेल तर शेजारणीला सोबत न्या. पण दाराशी जाऊन परत वळायची वेळ येऊ देऊ नका. बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला. अंगावरून जातं, ते अंगावर काढू नका.