एकचाकी सायकल आणि मोटारींचा रस्ता

पनवेल गांवाचें आणि चाकाचें नातें फार जुनें आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू पूर्वीं होडीनें पनवेल बंदरास उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्यांची पनवेलास रीघ लागली. पनवेलची चाकें इतकीं नामांकित होतीं कीं, देशावरून आलेला प्रत्येक गाडीवान परत जातांना त्यांची एक जोडी नेण्याची खटपट करी, अशी नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत आढळते. त्या चाकाचा तुंबा, आरे आणि लोखंडी धांव हीं सर्व भार वाहण्यासाठीं असत. तोल सांभाळण्याचें काम एकट्या चाकाचें नसे. दोन चाकें आणि बैलांच्या मानेवरचें जूं अशा आधारांवर गाडी उभी राही.

दुचाकी सायकलीनें हा आधार कमी केला. ती स्थिर असतां कलंडते, परंतु चालूं लागली म्हणजे स्वार नकळत हँडल ज्या बाजूस कल जाईल त्या बाजूस किंचित् वळवितो आणि चाकें पुन्हां त्याच्या भाराखालीं आणतो. एकचाकी सायकलींत हँडलही नाहीं आणि दुसरें चाकही नाहीं. जमिनीवर टेकलेला एकच ठिपका, वर सीट, सीटवर माणूस. तो पुढें पडूं शकतो, मागें पडूं शकतो आणि दोन्ही बाजूंस पडूं शकतो. तळहातावर उभी काठी तोलून धरणारा मुलगा काठी झुकेल तिकडे हात नेतो. त्याचप्रमाणें एकचाकीचा स्वार आपण झुकूं तिकडे चाक नेत असतो. स्वस्थ उभें राहणें तिच्यावर शक्यच नसतें. चौकांत उभें राहावयाचें तर चाक अर्धा फेरा पुढें आणि अर्धा फेरा मागें असें झुलवावें लागतें.

आजचा विषय आहे तो हा कीं, अशा वाहनास मोटारींच्या रस्त्यावर जागा आहे काय, आणि असली तर कोणत्या अटींवर. विजेवर चालणाऱ्या एकचाकीची गोष्ट निराळी. येथें पायांनीं चालवावयाच्या एकचाकीचाच विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत मोठ्या पुढच्या चाकाची उंच सायकल निघाली. तिचीं पेडलें त्या चाकालाच थेट जोडलेलीं असत. ती एकदम अडली कीं मागचें चिमुकलें चाक वर उचललें जाई आणि स्वार क्षणभर एकाच चाकावर राही. त्यांतूनच एकचाकी निघाली असें सामान्यतः मानितात. महाराष्ट्रांत लोकांनीं ती पाहिली ती बहुधा सर्कशींत. १८८० सालीं विष्णुपंत छत्रे यांनीं आपली सर्कस उभी केल्यानंतर सर्कशीचा तंबू हें गांवोगांवच्या करमणुकीचें एक आवडतें ठिकाण झालें, आणि पुढें एकचाकीचा खेळ सर्कशींत नेहमींचाच झाला.

सर्कशीचें रिंगण आणि हमरस्ता यांतील भेद येथें ध्यानीं घेतला पाहिजे. रिंगणांतली जमीन सपाट आणि मऊ असते. तेथें जितके लोक वावरतात त्यांतील प्रत्येकास स्वार पुढच्या क्षणीं काय करणार हें ठाऊक असतें. रस्त्यावर स्वाराचें कौशल्य तेवढेंच राहतें, पण मागून येणाऱ्या मोटारवाल्यास त्याच्या पुढच्या हालचालीची कांहींच कल्पना नसते. म्हणून रस्त्यावरची सुरक्षितता स्वाराच्या तोलावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती इतरांना त्याचा अंदाज येतो कीं नाहीं यावर अवलंबून आहे. ही एक गोष्ट नीट समजली कीं बाकीचे सर्व नियम तींतून आपोआप निघतात.

प्रथम वेगाचा हिशेब पाहावा. एकचाकीस फ्रीव्हील नसतें आणि बहुधा सांखळीही नसते; पेडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वीस इंची चाकाचा परीघ सुमारें १.६ मीटर. मिनिटास ६० फेरे धरले तर तासाला पावणेसहा किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकाच वेग होतो. लांबच्या प्रवासासाठीं वापरतात त्या ३६ इंची चाकाचा परीघ २.८७ मीटर, तितक्याच फेऱ्यांत त्याचा वेग दहा किलोमीटरांच्या थोडा वर जातो. आतां मागून ताशीं ६० किलोमीटरनें मोटार येत आहे असें समजा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत माणसास साधारण एक सेकंद लागतो, आणि तेवढ्यांत ती मोटार १७ मीटर पुढें येते. वेग ४० असता तर ती ११ मीटरच आली असती. शिवाय वेग दीडपट झाला कीं ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारें अंतर सव्वादोनपट होतें. वाहनाच्या रांगेंत पादचाऱ्याच्या गतीनें चालणारी ही वस्तु आहे. तिच्या धोक्याचें मूळ येथें आहे.

या हिशेबावरून रस्त्याची निवड ठरते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें दुचाक्या, तीनचाकी गाड्या आणि पादचारी या सर्वांना मनाई आहे. शीव-पनवेल महामार्ग, पळस्पे फाट्यावरून निघणारा गोव्याचा रस्ता आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या वाटा याही वर्ज्यच समजाव्या. लांब ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हां त्याचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें न जातां आंतून, कोपरा कापीत जातात. आणि चालकास आपल्या गाडीची डावी कड पुरती दिसत नाहीं. त्या जागेंत सांपडलेल्या स्वारास कितीही उत्तम तोल वांचवूं शकत नाहीं. उलट नवीन पनवेल, कामोठें, खारघर येथील वसाहतींतले आंतले रस्ते, तेही रविवारच्या सकाळीं स्वच्छ उजेडांत, अशा ठिकाणीं अनुभवी स्वारास वाव आहे.

अनुभवी कोणास म्हणावें? मैदानावर शंभर पावलें न पडतां गेलें म्हणजे एकचाकी आली असा मुलांचा समज होतो. रस्त्याची परीक्षा याहून कठीण आहे. भिंतीचा किंवा खांबाचा आधार न घेतां वर चढतां आलें पाहिजे. सरळ रेषेंत जातांना मान मागें वळवून पाहतां आलें पाहिजे, आणि मान वळली तरी चाक वळतां कामा नये. एक हात बाहेर काढून वळण्याची खूण देतां आली पाहिजे. गतिरोधक आणि लहानसहान खड्डे ओलांडतां आले पाहिजेत. शेवटीं, मनांत येईल त्या क्षणीं डाव्या बाजूस पायउतार होतां आलें पाहिजे. या पांचांपैकीं एक जरी कच्चें असेल तरी मैदान सोडूं नये.

पोशाखाचाही विचार हवा. हेल्मेट हवेंच, परंतु एकचाकीवरून पडणारा मनुष्य बहुधा हात पुढें टेकतो, म्हणून मनगटांना आणि गुडघ्यांना संरक्षक पट्टे तितकेच अवश्य आहेत. बुटांच्या नाड्या आंत खोंचाव्या. त्या पेडलाच्या दांड्याभोंवतीं गुंडाळल्या तर पाय अडकतो आणि स्वार आपटतो. ओढणी, सैल पायजमा, खांद्यावर झुलणारी पिशवी यांना येथें मुळींच थारा नाहीं. दिवा लावण्यास हँडल नसल्यामुळें पुढें पांढरा आणि मागें तांबडा दिवा हेल्मेटावर किंवा सीटखालीं बसवावा; पण खरा उपाय म्हणजे अंधार पडण्यापूर्वीं घरीं येणें. पहिल्या पावसांत रस्त्यावरचें तेल वर येतें. रंगविलेले पट्टे आणि गटारांचीं लोखंडी झांकणें गुळगुळीत होतात. कोंकणच्या पावसाळ्यांत ही सायकल घरांतच बरी.

प्रत्यक्ष रस्त्यावर वाहनाप्रमाणें डाव्या बाजूनेंच जावें, उलट दिशेनें कधींही जाऊं नये. मात्र अगदीं कडेस चिकटूं नये. तोल राखतांना चाक थोडें इकडे-तिकडे जाणारच. तेवढी जागा दोन्ही अंगांस मोकळी हवी. उभ्या मोटारीचें दार अकस्मात् उघडतें, म्हणून तिच्यापासूनही अंतर ठेवावें. चौक आला कीं आधींच उतरून, सायकल हातांत धरून, पादचाऱ्याप्रमाणें रस्ता ओलांडावा. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. उतारावर पेडलें पायांना ओढूं लागतात. ब्रेक असल्यास तो हलक्या हातानें वापरावा, नसल्यास उतरून चालावें. पडण्याची वेळ आली तर सीट हातानें पकडण्याची संवय लावून घ्यावी. स्वार पायांवर उतरला तरी मोकळी सुटलेली सायकल दुसऱ्या कोणाच्या चाकाखालीं जाऊं शकते.

मोटार चालविणाराचेंही कर्तव्य आहे. अपरिचित वस्तु दिसली कीं तो तिच्याकडे टक लावून पाहतो, आणि जिकडे नजर जाते तिकडे गाडीही झुकते. ओलांडतांना सायकलस्वारापासून दीड मीटर अंतर ठेवावें असा नियम जर्मनी, फ्रान्स, स्पेन इत्यादि देशांत आहे. एकचाकीस त्याहून अधिक जागा द्यावी, आणि तितकी जागा नसेल तर मागें थांबावें. अगदीं जवळ येऊन कर्णा वाजविणें म्हणजे तोलावर असलेल्या माणसास धक्का देण्यासारखेंच आहे. उभ्या गाडींतून उतरतांना चालकानें उजवें दार डाव्या हातानें उघडावें, म्हणजे शरीर आपोआप वळतें आणि मागें कोण येत आहे तें दिसतें.

एवढे निर्बंध ऐकून एखादा पिता म्हणेल कीं, मग मुलास ही सायकल घेऊनच देऊं नये. पण हा निष्कर्ष बरोबर नाहीं. एड प्रॅट नांवाचा इंग्लंडचा तरुण २०१५ सालीं ३६ इंची एकचाकीवर निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१८ सालीं घरीं परतला. त्याला तीन वर्षें लागलीं, हीच शिकण्याजोगी गोष्ट आहे. घाई हा गुण या वाहनाच्या अंगीं नाहीं आणि तो स्वाराच्याही अंगीं असूं नये. जपानांत अनेक प्राथमिक शाळांच्या आवारांत एकचाकी सायकली ठेवलेल्या असतात आणि मुलेंमुली मधल्या सुट्टींत त्या चालवितात. तरी तेथें एकचाकीची गणना खेळाच्या साधनांत होते, आणि गर्दीच्या रस्त्यावर ती नेऊं देत नाहींत. आवड जोपासावी कशी आणि आवरावी कोठें, या दोन्ही गोष्टी त्यांनीं एकदमच मुलांना शिकविल्या आहेत.

मुलाला सरसकट ‘नको’ म्हटलें तर तो चोरून गल्लींत शिकतो, आणि चोरून शिकणारा हेल्मेट घालीत नाहीं. सरसकट ‘हो’ म्हटलें तर पहिल्या महिन्याच्या उत्साहांत तो महामार्ग गांठतो. यासाठीं आई-वडिलांनीं मैदान दाखवावें, वरील पांच गोष्टींची परीक्षा स्वतः घ्यावी, आणि कोणता रस्ता मोकळा व कोणता बंद हें त्याच्यासह पायीं हिंडून ठरवावें. मोठ्यांच्या बरोबर एकदां चाललेला रस्ता मुलाच्या ध्यानांत राहतो. नुसती ताकीद राहत नाहीं.

नगराच्या दृष्टीनेंही याचें महत्त्व आहे. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झाली आणि भोंवतालच्या वसाहती तिच्यांत आल्या. घरें वाढलीं, तशा मोटारीही वाढल्या. ज्या गल्लींत मोटारीचा वेग आवरलेला आहे, पदपथ मोकळा आहे आणि गटाराचें झांकण जागच्या जागीं आहे, त्या गल्लींतून एकचाकी सुखरूप जाईल. त्याच गल्लींतून काठी टेकीत जाणारा वृद्ध, दप्तर घेतलेलें पोर आणि भाजीची पिशवी सांभाळणारी गृहिणीही सुखरूप जातील. एकचाकीचे स्वार गांवांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. पायीं चालणारे मात्र सगळेच आहेत.