घर, अंगण आणि कामाची गाडी



अमेरिकेत नळजोडणी करणारा, विजेची कामे घेणारा किंवा बागांची निगा राखणारा स्वतंत्र कारागीर पुष्कळदा वेगळे दुकान थाटीत नाही. छपरावर शिड्या बांधलेली, पाना-पक्कडीपासून पाइपांपर्यंत सर्व साहित्याने भरलेली व्हॅन हेच त्याचे दुकान. संध्याकाळी ती घरासमोर उभी राहते आणि तेथेच तंट्याला आरंभ होतो. गाडी उभी असते ती त्याच्याच जागेत. तरीही तिला हरकत घेण्याचा अधिकार शेजाऱ्यांना असू शकतो, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल.

या अधिकाराचे मूळ शासनाच्या नियमात नसून जमिनीच्या दस्तऐवजात आहे. मोठ्या भूखंडाचे तुकडे पाडून वसाहत उभारणारा विकासक घरे विकण्यापूर्वीच निर्बंधांचे एक घोषणापत्र काउंटीच्या कार्यालयात नोंदवितो. घरांचा रंग, कुंपणाची उंची, व्यापारी वाहने, ट्रेलर व यंत्रसामग्री उघड्यावर ठेवण्यास मनाई, अशी कलमे त्यात असतात. हे बंधन माणसाला नव्हे, जमिनीला चिकटते. घर कितीही हातांत गेले तरी ते चालूच राहते. नवा मालक कागद वाचो वा न वाचो, नोंदणी झालेली असल्याने त्यास माहिती होती असेच कायदा मानतो. ज्ञात बंधन पुढील खरेदीदारासही लागू होते हे तत्त्व १८४८ साली, लंडनच्या लेस्टर चौकातील बागेविषयीच्या टल्क विरुद्ध मॉक्सहे या खटल्यात प्रस्थापित झाले. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ४० व्या कलमातही त्याचा अंश आहे, तेव्हा विषय आपणांस अगदीच परका नव्हे.

खरा घोळ शब्दांचा. दारावर धंद्याचे नाव रंगविलेली छोटी मोटार व्यापारी, आणि नाव नसलेला पण सिमेंटच्या गोण्या वाहणारा पिकअप घरगुती, असे म्हणावयाचे काय? व्याख्या नसेल तर न्यायालये साधारणतः संदिग्धतेचा लाभ जमिनीच्या मुक्त वापराला देतात. इतरांच्या गाड्यांकडे वर्षानुवर्षे डोळेझाक करून एकाच कारागिरावर बोट ठेवले गेले असेल, तर पक्षपाती अंमलबजावणीचा बचावही त्यास घेता येतो. शब्द स्पष्ट असतील तेव्हा मात्र पोटाचा प्रश्न पुढे करून सुटका होत नाही. गाडी भाड्याच्या आवारात ठेवावी लागते, आणि भाड्याबरोबर अवजारे चोरीस जाण्याची धास्तीही माथी येते.

अखेर काही विधिमंडळांना मध्ये पडावे लागले. ॲरिझोनात सार्वजनिक सेवा कंपनीच्या ज्या कर्मचाऱ्यास आपत्कालीन कामासाठी गाडी घरी ठेवणे नोकरीच्या अटीनुसार भाग असते, त्याच्या २०,००० पौंडांपर्यंतच्या, अधिकृत चिन्ह असलेल्या गाडीला मनाई करता येत नाही. फ्लोरिडाने १ जुलै २०२४ पासून याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे घरमालकांची संस्था मालकाला त्याची कामाची गाडी, तिच्यावर नाव वा चिन्ह असले तरी, स्वतःच्या अंगणवाटेवर उभी करण्यास मनाई करू शकत नाही. मात्र २६,००१ पौंड वा अधिक वजनाची, अथवा तीन वा अधिक आसांची अवजड वाहने या सवलतीबाहेर आहेत. दंड करावयाचा झाल्यास संस्थेने १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी आणि संचालकांचे नातलग नसलेल्या किमान तीन सदस्यांच्या समितीपुढे सुनावणीची संधी द्यावी, असेही तेथील कायदा सांगतो. ही तरतूद कारागिराच्या दृष्टीने गाडीच्या सवलतीइतकीच मोलाची मानली पाहिजे.

माती उकरणारे यंत्र अंगणात ठेवू पाहणाऱ्याला मात्र या सवलतीचा आधार नाही. ती गाडीपुरतीच आहे. त्यास २०२३ च्या दुसऱ्या तरतुदीकडे वळावे लागते. घराच्या दर्शनी बाजूने, लगतच्या घरांतून वा सामाईक जागेतून जे दिसत नाही ते आपल्या जागेत ठेवण्यास तिच्यामुळे संस्था बंदी करू शकत नाही. पण यंत्र झाकणाऱ्या कुंपणाची उंची पुन्हा बहुधा त्याच घोषणापत्रात ठरविलेली असते.