सव्वा मीटर मांजरपाट

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, राज्य सरकारचा नोकर. कापडावर बोलायला उभा आहे तो आईमुळे. वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत होते. मी शाळेत असताना गिरणी बंद पडली. पगार थांबला, घरात मांजरपाटाचा एक तागा तेवढा होता. आईने मशीन काढलं, त्याच्या पिशव्या शिवल्या आणि किराणा दुकानांत दिल्या. त्या वर्षीची माझी फी त्यातूनच भरली गेली.

मांजरपाट म्हणजे साधं, कोरं सुती कापड. इथल्या बाजारात 'कोरा लट्ठा' म्हटलं की दुकानदाराला कळतं. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावलेली असते. म्हणून नवं कापड रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्यात धुवा. ते थोडं आटतं. त्यामुळे आधी धुवा, मगच कापा.

पिशवीसाठी 36 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड घ्या. धुतल्यावर मधोमध उभे दोन भाग करा. प्रत्येक भागातला 36 इंच लांबीचा तुकडा दुमडून दोन्ही बाजू शिवा. उरलेल्या तुकड्याच्या दोन पट्ट्या चौपदरी करून बंद लावा. दोन पिशव्या होतात, कापड वाया जात नाही. तळाला शिवण नसल्याने पिशवी वजन चांगलं पेलते.

स्वयंपाकघरात तर हे कापड रोज लागतं. चक्का टांगायला, मोड येण्यासाठी भिजलेली मटकी बांधून ठेवायला, मोदक उकडताना चाळणीत ओलं करून अंथरायला, उन्हात कुरडया घालायला. मात्र खाण्याच्या वस्तूंचं फडकं वेगळं ठेवा. त्याला साबणाचा वास राहू देऊ नका. उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. जुनं झालं की त्याचं पायपुसणं करा किंवा गोधडीच्या आत घाला.

आमच्या कचेरीत जुन्या फायली अजून कापडी बस्त्यातच बांधतात. कागद पिवळा पडतो, साहेब बदलतात, बस्ता मात्र तोच असतो!

आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. पण मी शिवलेली पिशवी ती बोटांनी चाचपते आणि म्हणते, "इथे दुहेरी टीप घाल, सुटेल." गिरणी गेली, पण हातातलं काम गेलं नाही, हे मी तिच्याकडून शिकलो.

एकच विनंती. यंदा विसर्जनाला निर्माल्य प्लास्टिकमध्ये आणू नका. घरी शिवलेल्या पिशवीतून आणा, रिकामी करा, धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवा. आणि शिवताना घरातल्या मुलांनाही मशीनवर बसवा, मुलग्यांनाही.

गणपती बाप्पा मोरया!