ऊस वाहतूक : डिझेल, चालक आणि मालक

(गळीत हंगामापूर्वी ट्रॅक्टरमालक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेणे, खते, पाणीपट्टी, खुरपणी, बांधणी या सर्व खर्चाची नोंद आपल्या वहीत असते. परंतु ऊस फडातून निघून कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंत जे डिझेल जळते, त्याची नोंद बहुतेक ठिकाणी एकाच आकड्याची असते, ती म्हणजे पंपाचे बिल. आज मी त्या बिलाविषयी बोलणार आहे. त्याच ओघात रस्त्यावरील अपघातांविषयीही बोलावे लागेल, कारण डिझेल वाया घालवणाऱ्या आणि अपघाताला कारण होणाऱ्या सवयी बऱ्याच अंशी एकच आहेत. चालकाला या सवयी का लागतात, याचे उत्तर मात्र पुष्कळदा मालकाच्या अंगणात सापडते. म्हणून आजचे बोलणे चालकापेक्षा मालकासाठी अधिक आहे.

प्रथम साधे गणित पाहू. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या व ऊस मिळून वीस टन वजन धरा. हे वजन उभ्या स्थितीतून ताशी २० किलोमीटर वेगाला आणण्यासाठी, इंजिन व गिअरमधील घट धरून, सुमारे ३५ मिलिलिटर डिझेल लागते. तेच ताशी ३० किलोमीटरपर्यंत नेले तर ७५ मिलिलिटरच्या वर जाते. वेग दीडपट झाला, पण डिझेल सव्वादोनपट लागले, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चालकाने ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा ब्रेक लायनरमध्ये उष्णता होऊन संपते आणि पुन्हा नव्याने डिझेल जाळावे लागते. गावे, चौक, वळणे, गतिरोधक मिळून एका खेपेत तीस वेळा असे घडले, तर दोन्ही वेगांतील फरक सव्वा लिटरचा पडतो. हंगामातील खेपांनी त्याला गुणून पाहावे.

ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतरही याच हिशेबाने सव्वादोनपट होते. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचा सगळा लोट ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी अडवायचा असतो. म्हणून पुढे गतिरोधक किंवा गर्दी दिसताच लांबूनच ॲक्सिलरेटर सोडणारा चालक डिझेलही वाचवतो आणि ट्रॉलीचा रेटाही आवरतो.

गिअरच्या बाबतीतही असेच आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९२० पासून कायद्यानुसार ट्रॅक्टरची चाचणी होते. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनी येथील केंद्र शासनाची संस्था हे काम करते. भार हलका असताना वरचा गिअर घालून इंजिनाचे फेरे कमी ठेवले तर डिझेल कमी लागते, ही गोष्ट अशा चाचण्यांतून पक्की झालेली आहे. चुकीच्या गिअरमुळे डिझेलचा खर्च ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे पेट्रोलियम बचतीचे काम करणारी पी.सी.आर.ए. ही संस्था सांगते. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. उलट, भरल्या खेपेला वरच्या गिअरचा हट्ट धरू नये. इंजिन काळा धूर ओकू लागले की गिअर उतरवावा.

कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत सुरू ठेवलेले इंजिन तासाला एक लिटरहून अधिक डिझेल जाळते. चालकाला हे कळत नाही असे नाही. बॅटरी उतरलेली असते, सेल्फ लागत नाही, म्हणून तो बंद करायला धजत नाही. ही जबाबदारी कोणाची, हे मी सांगण्याची गरज नाही.

आता चालकाच्या स्वभावाकडे येऊ. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्यूनिक शहरात टॅक्सीचालकांवर एक प्रयोग झाला. काही टॅक्सींना, ब्रेक दाबला असता चाके जॅम होऊ न देणारी यंत्रणा बसवली. बाकीच्या टॅक्सी तशाच ठेवल्या. अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही गटांतील अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ब्रेक चांगला आहे हे कळल्यावर चालक वळणे जोरात घेऊ लागले, पुढच्या वाहनाच्या अधिक जवळ जाऊ लागले. पुढे कंपनीने दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग चालकांकडून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा मात्र अपघात घटले. याचा अर्थ आपल्या चालकाच्या मजुरीतून पैसे कापावेत असा कोणी घेऊ नये. ते त्याला परवडणारे नाही आणि न्यायाचेही नाही. घ्यायचा तो अर्थ एवढाच, की माणूस यंत्र पाहून चालवत नाही, तर आपल्याला कशात फायदा आणि कशात तोटा आहे हे पाहून चालवतो.

आपण चालकाला पैसे कशाचे देतो? बहुतेक ठिकाणी खेपेचे. जितक्या खेपा तितकी मजुरी. मग तो वेग वाढवणार, दोन खेपांमधली झोप मोडणार, हे ठरलेलेच. ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हातचलाखी व सावधपणा, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका खालावतो. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला फडावर आलेला आणि रात्री नऊनंतर भरल्या ट्रॉल्या घेऊन निघालेला चालक थेंबभर न पिताही त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. झोप येऊ नये म्हणून तो गाणी मोठ्याने लावतो. त्याने झोप जात नाही, पण मागून येणाऱ्याचा हॉर्न मात्र ऐकू येत नाही.

माझे मत असे, की मजुरीचा मुख्य भाग हंगामाचा किंवा महिन्याचा ठरलेला असावा, आणि त्यावर डिझेल बचतीचा वाटा द्यावा. त्यासाठी खेपेगणिक अंतर, वजन आणि डिझेल यांची नोंद ठेवावी लागेल. दोन आठवड्यांत आपल्या ट्रॅक्टरचा सरासरी आकडा हाती येतो. त्याहून कमी डिझेल लागले तर वाचलेल्या पैशांतील निम्मा चालकाचा. मोठ्या खर्चाची ही गोष्ट नाही, फक्त वही नेमाने लिहिणारा माणूस घरात हवा.

पण येथे एक धोका आहे. डिझेल वाचवायला सांगितले की काही चालक उतारावर न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडतात. यात डिझेल वाचते ही समजूत चुकीची आहे. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला फिरवतात आणि पंपावरील गव्हर्नर डिझेल जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते. शिवाय इंजिनाची अडवणूक गेल्यामुळे वीस टनांचा सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड सुटते. ज्या गिअरमध्ये तो चढ भरल्या ट्रॉलीने चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच घालावा. शेतात वळण घेण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर येताना कडीने जोडलेले आहेत की नाहीत, हेही रोज पाहावे. एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून उलटतो.

आता मागून येणाऱ्याचा विचार करू. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात. ताशी ६० किलोमीटरने येणारा मोटारसायकलस्वार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. समोर काहीतरी आहे हे उमजून ब्रेकवर हातपाय जाईपर्यंत २५ मीटर जातात, आणि थांबायला आणखी तितकेच. त्यातच समोरून एखाद्या ट्रकचा झोत डोळ्यांवर असेल, तर पन्नास मीटरवरची मातकट, अंधारी ट्रॉली त्याला वेळेत दिसण्याचा संभव फार थोडा. दिसली तरी ती किती हळू चालली आहे हे लगेच कळत नाही. मागचा मनुष्य तिला आपल्यासारख्याच वेगाचे वाहन समजतो.

या प्रश्नावर अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी केन हार्कनेस यांनी काम केले. त्यातून मंदगती वाहनाचे चिन्ह निघाले : मध्ये चमकदार नारिंगी त्रिकोण आणि भोवती लाल रिफ्लेक्टरची पट्टी. दिवसा नारिंगी रंग उठून दिसतो, रात्री लाल कडा. हे वाहन फार हळू आहे, एवढा एकच निरोप ते लांबून देते. शेतीच्या विद्यापीठातून निघालेले हे साधे चिन्ह अमेरिकेच्या रस्त्यांवर सर्वत्र रूढ झाले.

आपल्याकडे ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर कायद्याने लागतातच. ते असतातही, पण ऊस भरल्यावर वाढे मागे लोंबतात आणि दिवा व रिफ्लेक्टर दोन्ही झाकून टाकतात. म्हणून रिफ्लेक्टर लावलेले कापड उसाच्या मोळ्यांवरून, सर्वांत मागे बांधावे. दोन ट्रॉल्या असतील तर ते मागच्या ट्रॉलीला हवे, आणि बाजूंनाही पट्ट्या हव्यात. वळताना बाजूच दिसते. कापड मळले की पुसावे, कारण धुळीचा थर बसला की त्याचा उपयोग संपतो.

टायर फुटून ट्रॉली रस्त्यात उभी राहिली तर तिच्या मागे बरेच अंतर सोडून काहीतरी चमकणारे ठेवावे, आणि जमल्यास एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. नुसती झाडाची फांदी रात्री दिसत नाही. चाकांना लावलेले दगड तर निघताना नक्की उचलावेत. ट्रॉली निघून जाते, दगड डांबरावर तसेच राहतात, आणि तासाभराने त्याच रस्त्याने दूध घालायला जाणारा आपल्याच गावचा पोरगा असतो.