खेळातील चिकाटी आणि आरोग्याची साधना



चाकण औद्योगिक वसाहतीतून पहाटे परतणाऱ्या कामगारांच्या बसमध्ये एक दृश्य हमखास दिसते. रात्रपाळी संपवून निघालेला तरुण, डोळ्यांवर झोप असतानाही, मोबाइलवरील खेळात गढलेला असतो. एकाच टप्प्यावर तो दहा वेळा हरतो आणि अकराव्यांदा पुन्हा सुरुवात करतो. त्याला कोणी आग्रह केलेला नसतो आणि बक्षीसही मिळणार नसते. तोच तरुण डॉक्टरांच्या सल्ल्यावरून रोज चालण्याचा निश्चय करतो, तेव्हा मात्र चौथ्या दिवशी पाऊस येतो, पाचव्या दिवशी पाळी बदलते आणि सहाव्या दिवशी तो म्हणतो, "आपल्याच्याने हे व्हायचे नाही." खेळात न थकणारी चिकाटी आरोग्याच्या बाबतीत इतक्या लवकर का संपते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काळात भोसरी, चिंचवड, आकुर्डी व नंतर चाकण या परिसराचा कायापालट झाला. शेतात राबणारे हात यंत्रावर आले. हाती नियमित वेतन आले. परंतु त्याबरोबरच फिरत्या पाळ्या, अपुरी झोप, अवेळी जेवण आणि तासन् तास एकाच जागी उभे राहणे किंवा बसणे हेही आले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि दर १०० प्रौढांपैकी सुमारे ३५ जणांना उच्च रक्तदाब आहे. हे विकार आरंभी दुखत नाहीत, म्हणून गोळी घेण्याचा आणि चालण्याचा कंटाळा येतो. पुढे मूत्रपिंड, डोळे किंवा हृदय जायबंदी झाले म्हणजे कमावता माणूस घरी बसतो आणि सारे कुटुंब अडचणीत येते.

थेरगावचा आदर्श

चिकाटी म्हणजे काय, हे शिकण्यासाठी या परिसराला दूर जाण्याची गरज नाही. पिंपरी-चिंचवडमधील थेरगावचे रहिवासी, पद्मश्री मुरलीकांत पेटकर यांचे जीवन हा त्याचा वस्तुपाठ आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर येथे जन्मलेल्या श्री. पेटकर यांना बालपणापासून कुस्तीची ओढ होती. सैन्यात गेल्यावर ते मुष्टियोद्धे झाले. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले.

त्या अवस्थेत पोहणे हा त्यांच्या उपचाराचा एक भाग होता. पाण्यात उतरण्याचा तो वैद्यकीय सल्ला त्यांनी खेळाडूच्या वृत्तीने स्वीकारला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्तशैली पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत जिंकली. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पुढे त्यांनी पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तर अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये मिळाला, म्हणजे पदकानंतर ५० हून अधिक वर्षांनी.

प्रत्येकाला सुवर्णपदक मिळवायचे नसते. परंतु उपचाराला खेळाचे रूप आले म्हणजे त्यातील सक्तीची भावना जाते आणि माणूस स्वतःहून प्रयत्न करू लागतो, एवढा बोध येथून सर्वांना घेता येईल.

खेळ सुटत नाही, तो का?

कुस्तीच्या आखाड्यात असो वा मोबाइलच्या पडद्यावर, खेळात काही गोष्टी समान असतात. पहिली गोष्ट म्हणजे पुढचा टप्पा लहान आणि हाताशी असतो. तालमीत नव्याने आलेल्या मुलाला वस्ताद पहिल्याच दिवशी मोठ्या कुस्तीला उतरवत नाहीत. जोर-बैठकांची संख्या हळूहळू वाढवतात. दुसरी, केलेल्या प्रयत्नाची मोजणी लगेच दिसते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, हरणे हा खेळाचाच भाग मानला जातो. आज चितपट झालेला मल्ल उद्या पुन्हा लांग कसतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आरोग्याच्या संकल्पात नेमके उलट घडते. "तीन महिन्यांत १५ किलो वजन उतरवीन" असे दूरचे उद्दिष्ट ठरवले जाते. वजन रोज वरखाली होत असल्याने श्रमाचे फळ दिसत नाही. एक दिवस चुकला की सारे संपले असे वाटते. वास्तविक लंडनमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला त्याहून कितीतरी अधिक. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही, असेही त्यात आढळले. चुकलेल्या दिवसापेक्षा त्यानंतरचा दिवस अधिक महत्त्वाचा असतो.

म्हणून उद्दिष्ट आपल्या हातातले असावे. वजन किंवा रक्तातील साखर थेट आपल्या हुकमात नसते. चालणे, गोळी वेळेवर घेणे, मीठ कमी करणे हे मात्र असते. मोजणी याच गोष्टींची करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. याचा अर्थ आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे. रात्रपाळीच्या आठवड्यात हा अर्धा तास दहा-दहा मिनिटांत विभागला तरी चालतो.

केवळ गंमत पुरेशी नाही

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. २०१६ साली 'पोकेमॉन गो' हा चालत खेळण्याचा मोबाइल खेळ जगभर गाजला. अमेरिकेतील पाहणीत खेळाडूंची रोजची पावले पहिल्या आठवड्यात सरासरी ९५५ ने वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ नाहीशी झाली. नवलाई ओसरली, की पाय थांबतात.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन चाचणीत सुमारे ६०० अतिवजनी वा स्थूल प्रौढांपैकी खेळाच्या गटांतील लोकांना आठवड्याच्या आरंभी ७० गुण दिले जात. ज्या दिवशी ठरलेली पावले पूर्ण होत नसत, त्या दिवसाचे १० गुण वजा होत. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवे ७० गुण. त्यातील काहींना घरच्या किंवा ओळखीच्या माणसाचा पाठिंबा, काहींना गट, तर काहींना स्पर्धा अशी जोड होती. २४ आठवड्यांच्या काळात तिन्ही प्रकारचे लोक, अशी योजना नसलेल्यांपेक्षा अधिक चालले. खेळ संपल्यानंतर मात्र स्पर्धेच्या गटातच वाढ ठळकपणे टिकली. खेळाला सोबतीची आणि निकोप चुरशीची जोड हवी, असे यावरून दिसते.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीला चालण्यासाठी सुरक्षित, उजेडाचा मार्ग ठरवून त्यावर अंतराच्या खुणा करता येतील. दोन वाड्यांमध्ये महिन्याला एकूण किती मिनिटे चालणे झाले, याची चुरस लावता येईल. शिक्षकांना विद्यार्थ्यांकरवी घरातील मोठ्या माणसांसाठी साधा तक्ता तयार करून घेता येईल: सात दिवस, सात चौकोन, दर सोमवारी नवा तक्ता. मुलाने रोज संध्याकाळी "आज खूण करायची का?" असे विचारले, तर त्याचा परिणाम उपदेशापेक्षा अधिक होतो. मात्र कोणाचे वजन किंवा आजार फलकावर लिहू नये. लाज वाटली की माणूस खेळ सोडून जातो.

तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाबाची व साखरेची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. पहिली खूण त्या तपासणीची असावी. ज्यांना हृदयविकार वा मधुमेह आहे, त्यांनी व्यायामाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत. कारखान्यांतील अधिकाऱ्यांनीही पाळीपत्रक आखताना कामगाराच्या झोपेचा विचार केला पाहिजे. ज्याला विश्रांतीच नाही, त्याला चिकाटीचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल.

बसमधील त्या तरुणाजवळ चिकाटी नाही, असे म्हणता येणार नाही. ती त्याच्या हातातच आहे. अकराव्यांदा सुरुवात करण्याची तीच वृत्ती त्याने शरीरासाठी वापरावी, एवढेच त्याला सुचवायचे आहे, आणि त्यासाठी त्याला साथ देण्याचे काम गावाचे, शाळेचे आणि कारखान्याचे आहे.