चार घरांचा शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दुपारची झाकपाक झाली की आपल्यापैकी पुष्कळजणी शब्दकोडे घेऊन बसतात. हा खेळ मूळचा परदेशी. आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आले. त्याचा आकार होता थेट शंकरपाळ्यासारखा! इंग्रजीत एका घरात एक वर्ण. आपल्याकडे मात्र काना, मात्रा, वेलांटीसकट, जोडाक्षरासकट अख्खे अक्षर एका घरात नांदते.

आता समजा, सूचना आली : ‘मागेपुढे पाहणे’. घरे चार. मग ‘कचरणे’ बसते, ‘बिचकणे’ बसते, ‘चाचरणे’ आणि ‘संकोचणे’ही बसते. घरे पाच असली, तर ‘अडखळणे’ किंवा ‘घुटमळणे’. कोड्यात हे सारे समानार्थी. आडवे-उभे जुळले की झाले. संसारात मात्र ते तसे नाहीत.

घुटमळतात ते पाय. चाचरते ती जीभ. नव्याला, अनोळख्याला पाहून बिचकते ते मन. परिणामांच्या धास्तीने माणूस कचरतो. संकोच म्हणजे मुळात आकसणे, अंग चोरणे. मनात असून नको-नको म्हणणे, ते आढेवेढे. आणि समोरच्याला काय वाटेल म्हणून गप्प बसणे, ती भीड.

हा भेद कशासाठी सांगते? सभेत एखादी भगिनी बोलायला उठत नाही. ‘लाजाळू आहे हो!’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण तिची जीभ चाचरत असेल, तर तिला सराव हवा. ती बिचकत असेल, तर शेजारी कुणीतरी बसायला हवे. ती कचरत असेल, तर तिला घरी कोणाचा धाक आहे, हे आपुलकीने विचारायला हवे. दुखणे ओळखल्याशिवाय औषध कसे देणार?

भीडेचे दुखणे सर्वांत महाग. घरातलेच कुणी कागद पुढे करून म्हणते, ‘इथे सही कर.’ वाचायला मागितले तर अविश्वास दिसेल, म्हणून आपण मुकाट्याने सही करतो. घर, शेत, दागिने अशाने हातचे जातात. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत, ते काही उगीच नव्हे. तिथे हात जरूर अडखळू द्या. ‘आधी वाचते, मग सही करते,’ हे म्हणताना मात्र जीभ अडखळू देऊ नका.