जर्मन टिपा आणि नवखे हात

लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं मूळ जर्मनीत आहे. तिथल्या स्टार डिव्हिजन या कंपनीने स्टारऑफिस बनवलं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी कोड खुला केला. सन ओरॅकल या कंपनीच्या हाती गेल्यावर त्या खुल्या कोडवर काम करणारे बरेच कार्यकर्ते वेगळे झाले आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी लिब्रेऑफिस जाहीर केलं.

वारशात लाखो ओळींचा कोड आला, आणि त्यात जागोजागी जर्मन कमेंट होत्या. कमेंट म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमरसाठी लिहून ठेवलेली टीप. ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच ती वाचता येईना. मग अशा टिपा हुडकणारी एक स्क्रिप्ट तयार झाली आणि त्या इंग्रजीत आणण्याचं काम नवख्यांसाठी राखून ठेवलं गेलं. अशा सोप्या कामांना तिथे 'ईझी हॅक' म्हणतात.

हा निर्णय फार शहाणपणाचा होता. कमेंट बदलल्याने प्रोग्रॅमच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही. पण ती बदलणारा माणूस सगळ्या वाटेने जातो. कोड उतरवून घेतो, साध्या लॅपटॉपवर काही तास चालणारं पहिलं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं, पुरं करतो, बदल गेरिट या तपासणीच्या व्यवस्थेत पाठवतो. तिथे लिनक्स, विंडोज आणि मॅकवर तो आपोआप तपासला जातो. मग एखादा अनुभवी माणूस ओळ न् ओळ वाचून शेरा देतो आणि दुरुस्तीची फेरी सुरू होते.

पुष्कळ नवखे मात्र पहिल्याच झटक्यात मोठं फीचर लिहून पाठवतात. ते वाचायला तपासनिसाचे दिवस जातात, आणि अशा प्रकल्पात सर्वांत दुर्मिळ असतो तो त्याचाच वेळ.

कोड न लिहिताही मोलाचं काम होतं. समजा, जुन्या आवृत्तीत नीट उघडणारी फाइल नव्या आवृत्तीत बिघडली. हे कोणत्या बदलामुळे झालं? त्यासाठी बायबिसेक्ट नावाची सोय आहे: क्रमाने साठवलेल्या तयार बिल्डचा संग्रह. मधलं बिल्ड चालवायचं, फाइल उघडून पाहायची, मग उरलेल्या निम्म्यातलं मधलं. १०२४ बिल्ड असली तरी साधारण १० चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. कंपाइल करण्याची गरजच नाही. चिकाटी मात्र हवी.

मराठी माणसाला आणखी एक दार उघडं आहे. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीतही आहेत आणि अनुवादाचं काम वेबलेट या व्यवस्थेत, ब्राउझरमध्येच चालतं. तिथे एकेक वाक्य सुधारता येतं.

पुन्हा कोडकडे येऊ. बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, दुरुस्त करायला घेतला, की त्याचा क्रमांक कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, पहिल्या ओळीत लिहावा. बदल मुख्य कोडमध्ये गेला की बगझिला या तक्रारवहीतल्या त्या तक्रारीखाली आपोआप नोंद पडते: कोणता बदल झाला आणि तो कोणत्या आवृत्तीत मिळेल. तक्रार करणाऱ्याला ते लगेच कळतं.